व्यवहारांतील तर्क : साक्षीदार कोण आणि अपराधी कोण?

गेल्या अंकांत या सदरांत घरच्या हिशेबांत शिरणाऱ्या तर्कदोषांचा विचार केला होता. या खेपेस विषय मालमोटारीचा घेतला आहे. हें वाचून कित्येक भगिनी म्हणतील, "आमच्या दारीं मालमोटार नाहीं, आणि आम्हांस मिस्त्रीही व्हावयाचें नाहीं; मग हें पुराण आम्हांस कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्यास उत्तर असें कीं, ज्या घरांत दहाबारा माणसें एका मिळकतीवर राहतात, त्या घरांत यंत्र बिघडलें म्हणजे यंत्रापाठोपाठ माणसांचीं मनेंही बिघडतात. दोष कोणाचा, हें ठरविण्याची घाई होते. आणि त्या घाईंत घरांतला किंवा पदरचा जो सर्वांत दुबळा, त्याच्या माथीं तो दोष बसतो. यंत्राचा दोष शोधण्याची जी रीत, तीच माणसाविषयीं न्याय करण्याची रीत होय, एवढें या लेखांत दाखवावयाचें आहे.

आलापल्ली हें गांव गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यांत आहे. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीं हा सर्व मुलूख चांद्याकडेच मोडत असे. येथील सागवानाची कीर्ति फार जुनी आहे. जवळच्या वनांतील उंच व जुनाट वृक्षांचा एक भाग 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नांवानें राखून ठेवलेला असून २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. गांव लहान, परंतु वाटांच्या सांध्यावर वसलेलें. एक वाट आष्टीवरून चंद्रपूरकडे, दुसरी सिरोंच्याकडे, तिसरी एटापल्लीकडे, आणि आणखी एक पेरमिली, ताडगांव, हेमलकसा या मार्गानें भामरागडकडे जाते. आगगाडीचा रूळ गांवास लागलेला नाहीं. तांदूळ, मीठ, औषधें, सिमेंट, शाळेचीं पुस्तकें हीं सर्व मालमोटारीनेंच आंत जातात, आणि बांबू, मोहाचीं फुलें, तेंदूपानें त्याच मोटारींनीं बाहेर येतात. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर येऊन भामरागडचा संबंध तुटल्याचे प्रसंग अनेक वर्षीं घडले आहेत. अशा मुलुखांत अरण्यांत मध्येंच उभी राहिलेली गाडी म्हणजे केवळ मालकाचें नुकसान नव्हे. कोणाच्या तरी घरचें मीठ आणि कोणाचें तरी औषध वाटेंत अडकलेलें असतें.

सिरोंच्याच्या वाटेनें गेलें असतां आंत कमलापूर लागतें. तेथें वनखात्याचे हत्ती आहेत. पूर्वीं अरण्यांतील ओंडके ओढण्याचें काम त्यांजकडे असे. चालतां चालतां हत्ती थांबला तर शहाणा माहूत प्रथम त्याचा पाय पाहतो, तळव्यांत कांटा रुतला आहे कीं काय तें शोधतो, चारा व पाणी यांची चौकशी करतो. तो एकदम हत्तीचा दांत उपटावयास धांवत नाहीं. मालमोटारीच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तेंच करतों. गाडी थांबली कीं महागांतला महाग भाग आधीं उपटतों.

आतां यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें आपलें इंजिन १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलें. त्याचें मर्म असें कीं, हवा फार जोरानें दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं तींत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. ठिणगी लागत नाहीं. म्हणून या इंजिनांत सर्व कांहीं त्या फवाऱ्यावर अवलंबून असतें. फवारा किती, कोणत्या क्षणीं आणि किती बारीक, या तीन गोष्टी साधल्या कीं इंजिन सुखानें चालतें. १९२७ सालीं बॉश या कंपनीचे फवारा सोडणारे पंप विपुल प्रमाणावर निघूं लागले आणि तेव्हांपासून हें इंजिन मालमोटारींत सुलभतेनें बसूं लागलें. आपल्या देशांत १९५४ सालीं टेल्कोनें डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या गाड्यांचा पंप सर्वस्वी यांत्रिक होता. मिस्त्री कान लावून ऐके, धुराचा रंग पाही, पान्यानें नळीची चक्की सैल करून आंत शिरलेली हवा काढून टाकी, आणि गाडी चालूं लागे.

पुढें धुराविषयींचे निर्बंध कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशभर नव्या गाड्यांस बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हें मान लागू झालें. हें मान पाळावयाचें तर फवाऱ्याचा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म ठेवावा लागतो, आणि तें काम केवळ दांतेरी चाकांच्यानें होत नाहीं. म्हणून या गाड्यांत एक लहानसें गणकयंत्र बसविलेलें असतें. एक पंप डिझेल फार मोठ्या दाबानें एका जाड नळींत भरून ठेवतो. तिला 'रेल' म्हणतात. तीतून प्रत्येक इंजेक्टरास डिझेल मिळतें. हा दाब १६०० बारपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. मालमोटारीच्या चाकांतील हवेचा दाब सुमारें ८ बार असतो, त्याच्या दोनशेंपट म्हटलें म्हणजे वाचकांस कल्पना येईल.

या गणकयंत्रास स्वतःचे डोळे नाहींत. रेलमधील दाब, इंजिनाच्या पाण्याची उष्णता, आंत येणाऱ्या हवेचा दाब, मुख्य दांड्याची फिरण्याची गति व स्थिति, चालकाचा पाय पट्टीवर किती दाबला आहे, हें सर्व त्यास निरनिराळे सेन्सर सांगतात. आपल्या दर्शनकारांच्या भाषेंत सांगावयाचें तर सेन्सर हीं इंद्रियें होत, तारा ह्या नाड्या होत, आणि गणकयंत्र ही बुद्धि होय. इंद्रिय निकोप असलें तरी नाडी तुटली तर बुद्धीस खोटें ज्ञान होतें. आणि नाडी निकोप असली तरी बाहेरचा विषयच विकृत असेल, तर इंद्रिय खरें तेंच सांगत असूनही आपण त्यास दोष देतों. मालमोटारीच्या दुरुस्तींतील बहुतेक अनर्थ या दोन वाक्यांच्या विस्मरणानें होतात.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. आलापल्लीस आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. तीन भाऊ, किराणा व धान्य यांचा व्यापार. थोरले बंधु वह्या सांभाळतात, मधले मालमोटारीचें पाहतात, धाकटे शाळेंत शिक्षक आहेत. गाडी २०१८ सालीं बांधलेली, यांनीं ती जुनी विकत घेतली. तिजवर पेरमिलीकडील एक माडिया तरुण चालक आहे. पावसाळ्याच्या आरंभीं गाडींत दोन विकार दिसूं लागले. एक, सकाळीं पुष्कळ वेळ सेल्फ मारल्यावांचून इंजिन सुरू होईना. दुसरा, भामरागडच्या वाटेवर मध्येंच पिवळा दिवा लागून इंजिनाची शक्ति एकाएकीं नाहींशी होई. गाडी थांबवून, किल्ली फिरवून पुन्हां सुरू केली कीं ती कांहीं वेळ नीट चाले.

प्रथम फिल्टर बदलले. गुण आला नाहीं. मग गाडीला स्कॅनर लावला. त्यानें 'रेलच्या दाबाचा सेन्सर' अशा अर्थाचा सांकेतिक अंक दाखविला. सेन्सर बदलला. चार दिवस गाडी उत्तम चालली, आणि 'रोग सांपडला' असें सर्वांनीं मानलें. पांचव्या दिवशीं ती ताडगांवच्या अलीकडे पुन्हां थांबली. दुसरा नवा सेन्सर घातला, तोच अनुभव. शेवटीं इंजेक्टर उतरवून चंद्रपुरास पाठविले. चार महिन्यांची मिळकत त्यांत गेली आणि विकार जसेच्या तसे राहिले.

पैसा संपला कीं संशय सुरू होतो. गाडीचें ॲव्हरेज उतरलें होतें, म्हणजे डिझेल कोठें तरी जात होतें. मधले बंधु स्वतः आष्टीकडे गाडी नेत तेव्हां ती कधीं अडत नसे. चालक भामरागडकडे नेई तेव्हांच अडे. स्कॅनर तर इंधनाच्या दाबाचें नांव घेत होता. तेव्हां हा मुलगा डिझेल काढून विकतो व टाकींत रॉकेल घालतो, असें अनुमान निघालें. त्याचा दोन महिन्यांचा पगार अडकवून ठेवला, आणि पोळ्यापूर्वीं त्यास काढून टाकावें असें जवळजवळ ठरलें. हा मुलगा पहिल्या दिवसापासून एकच वाक्य सांगत होता : "दचका बसला कीं दिवा लागतो." तें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

या अनुमानांत कोणकोणते दोष आहेत तें पाहूं. सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें रचलेला तर्कसंग्रह ज्यांनीं विद्यार्थिदशेंत वाचला असेल, त्यांच्या हे दोष चटकन ध्यानीं येतील.

पहिला दोष काकतालीय न्यायाचा. कावळा फांदीवर बसला आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ पडलें, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. सेन्सर बदलल्यावर चार दिवस गाडी चालली, म्हणून सेन्सरानें ती बरी केली असें ठरत नाहीं. सेन्सर बदलतांना त्याच्या तारा हलल्या, जोड पुन्हां घट्ट बसला, आणि ते चार दिवस गाडी चांगल्या रस्त्यानेंच चालली, हीं कारणें तितकींच संभवनीय होतीं.

दुसरा दोष सव्यभिचार हेतूचा. 'चालक हा असतां दोष येतो' हा हेतु खरा. पण त्याच वेळीं रस्ताही भामरागडचाच असतो. दोन गोष्टी नित्य बरोबर बदलत असतील तर त्यांपैकीं कोणती कारण, हें त्या दोहोंस वेगळें केल्यावांचून कळत नाहीं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात : कारण असतां कार्य होतें, आणि कारण नसतां तें होत नाहीं.

तिसरा दोष साक्षीदारास अपराधी समजण्याचा. स्कॅनरानें सेन्सराचें नांव घेतलें म्हणजे सेन्सर बिघडला असें नव्हे. त्याचा अर्थ एवढाच कीं, त्या सेन्सराच्या वाटेनें आलेली वार्ता गणकयंत्रास पटली नाहीं. वार्ता न पटण्याचे प्रकारही दोन आहेत, आणि त्यांचे सांकेतिक अंक निराळे असतात. 'दाब मागितल्यापेक्षां कमी आहे' हा अंक असेल तर संशय इंधनाच्या वाटेवर घ्यावा : फिल्टर, हवा, पंप, इंजेक्टर. 'संकेत शक्यतेच्या मर्यादेबाहेर आहे' हा अंक असेल तर संशय विजेच्या वाटेवर घ्यावा : तार, जोड, अर्थ, आणि सर्वांच्या शेवटीं सेन्सर. या गाडींतला अंक दुसऱ्या प्रकारचा होता. टाकींत रॉकेल घातल्यानें तो उमटत नाहीं. अपराधाचा आरोप ज्या पुराव्यावर उभा होता, तो पुरावा नीट वाचला असतां आरोपाच्या विरुद्धच बोलत होता.

या कुटुंबांत हा गुंता उकलण्यास आरंभ केला तो थोरल्या वहिनींनीं. एके रात्रीं सर्वजण जेवून बसले असतां त्यांनीं सहज विचारलें, "त्या रस्त्यानें भावजी स्वतः भरलेली गाडी घेऊन कधीं गेले आहेत कां?" कोणीच गेलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मधले बंधु स्वतः चाकावर बसले आणि माल भरून भामरागडच्या वाटेस लागले. पेरमिलीच्या पुढें एका खड्ड्यांत चाक आपटलें आणि त्यांच्याच हातीं गाडी मंदावली. त्याच आठवड्यांत चालकास आष्टीच्या वाटेनें पाठविलें. गाडी विनातक्रार जाऊन आली. एक पैसाही न खर्चतां चालक आणि रस्ता हे दोन हेतु वेगळे झाले.

त्यानंतर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलाविलें. तो आयटीआय शिकलेला असून विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याजपाशीं एक मीटर आणि एक हात पारदर्शक नळी, एवढींच आयुधें होतीं. त्यानें ज्या क्रमानें तपासणी केली तो क्रम सर्वत्र उपयोगी पडण्यासारखा आहे, म्हणून सविस्तर देतों.

प्रथम बॅटरी व अर्थ. मालमोटारींत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडून २४ व्होल्ट करतात. स्वस्थ असतां त्या मिळून सुमारें २५ व्होल्ट दाखवितात. सेल्फ मारतांना हा अंक फार खालीं, म्हणजे १८च्याही खालीं गेला, तर गणकयंत्र गोंधळतें आणि नसलेले रोग सांगूं लागतें. येथें बॅटऱ्या चांगल्या होत्या. इंजिनापासून चौकटीस जाणारी अर्थाची पट्टी मात्र गंजली होती. ती घांसून घट्ट केली.

नंतर इंधन. मुख्य फिल्टराच्या तळाची कळ उघडून थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत काढलें व स्थिर ठेवलें. डिझेल पाण्याहून हलकें असल्यामुळें पाणी असेल तर तें तळाशीं वेगळें दिसतें. पाणी निघालें नाहीं. मग टाकीकडून येणाऱ्या नळींत पारदर्शक तुकडा जोडला. सकाळीं इंजिन सुरू करतांना त्यांतून बुडबुडे जातांना सर्वांस दिसले. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेंत डिझेल ओढून घेतलें जातें. म्हणून तेथें भेग असली तरी डिझेल बाहेर गळत नाहीं, उलट हवा आंत शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली कीं त्या भेगेनें हवा शिरून नळींतलें डिझेल टाकींत परत जातें. सकाळीं सेल्फ मारून तें पुन्हां वर ओढावें लागतें. हातपंपानें आधीं डिझेल भरून घेतलें तर गाडी तत्काळ सुरू होई. हीच त्याची खूण. एक जुनी रबरी नळी बदलली आणि पहिला विकार गेला.

दुसऱ्या विकारासाठीं तो रेलच्या सेन्सराकडे वळला. त्यास तीन तारा असतात : एकींतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थाची, तिसरीनें संकेत परत जातो. किल्ली फिरविलेली पण इंजिन बंद, अशा स्थितींत दाब शून्य असल्यामुळें संकेत बहुतेक गाड्यांत अर्ध्या व्होल्टाच्या आसपास असतो, आणि दाब वाढेल तसा चढत जातो. मीटरवर अंक बरोबर दिसला. मग त्यानें धाकट्या बंधूंस मीटर पाहावयास सांगून तारांची जुडी हातानें हळूहळू टोंकापासून टोंकापर्यंत हालविली. एका जागीं हात पोंचतांच मीटरवरील अंक नाचूं लागला. तेथें जुडी धरून ठेवणारा चिमटा तुटून पडला होता, आणि एका लोखंडी पट्टीच्या कडेवर घांसून संकेताच्या तारेचें आवरण झिजलें होतें. आंतील तांब्याचे दोनचार तंतू तेवढे शिल्लक होते. "गुरुजी, सेन्सर खोटें बोलत नव्हता," तो म्हणाला, "त्याचा आवाजच वाटेंत तुटत होता."

संकेत तुटला कीं गणकयंत्र इंजिनाच्या रक्षणासाठीं शक्ति मुद्दाम कमी करतें. गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत जावी एवढीच मुभा देतें. त्या स्थितींत खालच्या गिअरांत रखडत चालल्यामुळें आणि वरचेवर थांबून सुरू केल्यामुळें डिझेल अधिक जळे. तार जोडून, आवरण घालून, जुडी नव्या चिमट्यानें बांधल्यावर दोनतीन फेऱ्यांतच ॲव्हरेज पूर्वपदावर आलें. म्हणजे चोरीचा जो एकमेव दृश्य पुरावा, तोही त्या तारेचाच परिणाम होता.

थोरल्या बंधूंनीं त्या तरुणास बोलावून अडकलेला पगार सर्वांसमक्ष त्याच्या हातीं दिला आणि "आमच्याकडून अन्याय झाला" असें स्पष्ट म्हटलें. चालकानें नोटा मोजल्या नाहींत. "दचक्याचें मीं आधींच सांगितलें होतें," एवढेंच तो बोलला. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष व अनुमान यांच्या जोडीस शब्द हेंही प्रमाण मानलें आहे. ज्यास विषय ठाऊक आहे व जो खरें सांगतो, त्या आप्ताचें वाक्य म्हणजे शब्दप्रमाण. या प्रकरणांत आप्त तो चालक होता. तो खालच्या मानेनें बोलतो आणि आपली मराठी थोडी अडखळत बोलतो, एवढ्यावरून त्याचें वाक्य अप्रमाण ठरलें. यंत्रासाठीं खर्च झालेला पैसा पुन्हां मिळवितां येतो. परंतु त्या मुलाचा विश्वास परत मिळण्यास या कुटुंबास वेळ लागेल, आणि तो लागणेंच योग्य आहे.

ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठीं आणखी कांहीं गोष्टी सांगून ठेवतों.

स्कॅनर आणाल तेव्हां केवळ अंक पाहूं नका. सेन्सर काय सांगत आहेत तेंही वाचा आणि तें शक्य आहे कीं नाहीं याचा विचार करा. पहाटे इंजिन पूर्ण थंड असतां पाण्याची उष्णता, आंत येणाऱ्या हवेची उष्णता आणि अंगणांतील हवेची उष्णता हीं तिन्ही जवळजवळ सारखीं असलीं पाहिजेत. एखादें फार निराळें बोलत असेल तर त्याची तपासणी करावी. पाण्याच्या उष्णतेच्या सेन्सराची तार तुटली तर पुष्कळ गाड्यांत स्कॅनर उणे ४० अंश दाखवितो. आमच्या या भागांत वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेथें उणे ४० हा अंक पाहून नवा सेन्सर विकत आणणें म्हणजे विवेकास रजा देणें होय.

सेल्फ मारतांना इंजिन फिरत असूनही स्कॅनरवर फेऱ्यांचा अंक शून्यच राहिला, तर मुख्य दांड्याची स्थिति सांगणाऱ्या सेन्सरावर किंवा त्याच्या तारेवर संशय घ्यावा. फेऱ्यांची वार्ता मिळाल्यावांचून गणकयंत्र फवारा सोडीत नाहीं. इंजिन तापल्यावर बंद पडतें व निवल्यावर सुरू होतें, अशी तक्रार असेल तरी प्रथम तेथेंच पाहावें.

धुराचेंही ऐकावें. पर्वतावरचा धूर अग्नीचें अनुमान करवितो. इंजिनाचा धूर अग्नि कसा आहे याचें अनुमान करवितो. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी. अशा वेळीं हवेचा फिल्टर आधीं पाहावा. पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल, किंवा आंत शिरलेलें पाणी. निळा धूर म्हणजे इंजिनाचें वंगणतेल जळत आहे.

इंजेक्टरांवर संशय आला तर सर्व उतरविण्यापूर्वीं प्रत्येकाच्या परतीच्या नळीस एकेक सारखी बाटली लावून इंजिन थोडा वेळ चालवावें. ज्याच्या बाटलींत इतरांहून फार अधिक डिझेल जमेल तोच झिजलेला. हें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें. परंतु तें करवावें असा आग्रह मालकानें धरावा.

पावसाळ्यांत टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी करूं नये. रिकाम्या भागांतील दमट हवेचें पाणी होऊन डिझेलांत उतरतें. आंतील गांवांत पिंपांतून डिझेल घेण्याची वेळ आली तर तें गाळून घ्यावें, आणि पिंपाच्या अगदीं तळाचें डिझेल टाकींत ओतूं नये.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना जिवाची आहे. जुन्या गाड्यांत इंजिन फिरत असतां इंजेक्टराच्या नळीची चक्की सैल करून हवा काढीत असत. रेल असलेल्या गाडीवर हें कदापि करूं नये. तेथील दाबानें निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून मांसांत शिरते. जखम टांचणीएवढी दिसते, प्रथम दुखतही नाहीं, परंतु आंतून हात सडण्याची भीति असते. असें घडल्यास घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ इस्पितळांत जाऊन शस्त्रवैद्यास दाखवावें. गळती शोधावयाची तर इंजिन बंद करून, दाब उतरूं देऊन मगच हात लावावा. चालत्या इंजिनावर नळीवरून बोट फिरवूं नये.

शेवटीं एक साधा नियम घरच्या कर्त्या मंडळींस सुचवितों. गाडींत एक वही ठेवावी. दिवा लागला कीं चालकानें तारीख, ठिकाण, रस्ता कसा होता, माल किती होता, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, पाऊस होता कीं नाहीं, हें त्याच्या शब्दांत तींत लिहावें. लिहितां येत नसेल तर घरांतील एखाद्या मुलानें त्यास विचारून लिहून घ्यावें. वरील कुटुंबांत अशी वही असती तर 'दचका' हा शब्द तींत सातआठ वेळां आला असता, आणि पहिला सेन्सर विकत आणण्यापूर्वींच सर्वांचें लक्ष तारांकडे गेलें असतें. दुसरें असें कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम निदान एक संपूर्ण फेरी पाहावा, आणि तीही ज्या रस्त्यावर दोष दिसतो त्याच रस्त्यावर. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशानें सुधारली तें कळत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तोच खर्च पुन्हां करावा लागतो.

आणि ज्याच्या हातीं यंत्र असतें त्याचें म्हणणें सर्वांआधीं ऐकावें. स्वयंपाकघरांतील गॅसविषयीं सुनेचें, विहिरीच्या पंपाविषयीं गड्याचें, आणि मालमोटारीविषयीं चालकाचें. दिवा लागतो तेव्हां तेथें हजर असतो तो हाच.